बाईंच्या बाजूचा ब्रेक

दूध वर यायला लागलं की बाईंचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. नातू जिन्यावरून धडाधडा उतरला, मुलगा म्हणाला की नोकरी बदलावी म्हणतोय, एवढंच काय, कुणी काठोकाठ भरलेला कप उचलला, तरी पाय खाली. जेवणाच्या टेबलाखालची एक फरशी त्यापायी सैल झाली होती. बाई जेवायला बसल्या की ती टक्‌ टक्‌ वाजायची आणि वर्तमानपत्रातून डोकं न काढता नवरा म्हणायचा, "पाय उचल गं. घर कुठे पळून जात नाहीये."

बाई गाडी शिकवायच्या. शिकणारी स्टिअरिंगवर, बाई शेजारच्या सीटवर, आणि त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. रोज सकाळी पहिली शिकणारी येण्याआधी त्या तो तीनदा दाबून बघत. एकदा जोरात, एकदा हलकेच, आणि एकदा उगीचच. अगदी पहिल्या वर्षी एक शिकणारी गाडीसकट टोमॅटोच्या हातगाडीत शिरली होती. माणसाला काही झालं नाही, टोमॅटोंचा तेवढा चिखल झाला. पण त्या दिवसापासून बाईंचा पाय ब्रेकवरून हलला नाही. त्यानंतरच्या तीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नव्हता. लोक त्यांना ब्रेकबाई म्हणत, आणि बाईंना ते आवडायचं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नजरेच्या कडा मिटत चालल्या आहेत. समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही. गेलेलं परत येणार नाही. "सहा महिने शिकवा फार तर," ते म्हणाले, "मग शेजारी दुसरं कुणीतरी बसू दे."

दुसरं कुणीतरी म्हणजे सून. तिच्या पाकिटात चार वर्षं लायसन्स होतं आणि चार वर्षांत ती एकदाही एकटी गाडी घेऊन बाहेर पडली नव्हती. बाई शेजारी असायच्याच. आता तिनं गाडी शिकवण्याची परीक्षा द्यायची, पास झाली तर ही शाळा तिची, नाहीतर गाडी विकून पाटी उतरवायची, असं घरात ठरलं. बाईंनी तिला तीन महिने घासूनपुसून तयार केलं. सून एकदाही चुकली नाही.

परीक्षेत मात्र ती साफ आपटली.

परीक्षक ओळखीचे होते. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "सूनबाई चालवतात छान. पण प्रत्येक चौकात गाडी थांबायची वाट बघतात."

"म्हणजे?"

"म्हणजे ब्रेक दुसरंच कुणीतरी लावणार, असं धरून चालतात. तीन महिने गाडी कोण चालवत होतं, ब्रेकबाई?"

बाईंना ते झोंबलं. घरी रात्रीच्या भाज्या चिरताना त्या सुनेला म्हणाल्या, "लक्ष कुठे होतं तुझं?"

सून उलट बोलणारी नव्हती. पण त्या दिवशी तिनं सुरी खाली ठेवली. "आई, खरं सांगू? चौक आला की मला रस्ता दिसत नाही. तुमचा पाय दिसतो."

टेबलाखालची फरशी वाजली. नवऱ्यानं पहिल्यांदाच वर्तमानपत्र खाली घेतलं आणि नुसतं बायकोकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ब्रेक तीनदा दाबून पाहिला. मग चपला काढल्या, सीटखाली सरकवल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसल्या.

"आई, हे काय?"

"घे गाडी."

"पण पाय..."

"पाय माझे आहेत. कुठेही ठेवीन. घे."

बाजाराच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला. बाईंच्या उजव्या पायाचा अंगठा स्वतःच्याच पोटरीत असा रुतला, की तिथे पुढे चार दिवस काळंनिळं होतं. गाडी थांबली. जरा उशिरा, जरा हिसक्याने, पण थांबली. सायकलवाला दोघींना दोन शब्द सुनावून गेला. बाईंनी जीभ दाताखाली धरली होती, ती सोडवून त्या म्हणाल्या, "पुढे."

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फाटकाचा खांब लागला. कर्र असा आवाज झाला. सून रडकुंडीला आली. बाई अनवाणीच उतरल्या, मान वळवून वळवून त्यांनी दारावरचा ओरखडा शोधला आणि त्यावरून बोट फिरवलं. वीतभर होता. तीस वर्षं ज्याला भ्यायल्या, तो हा.

"एवढाच?" त्या म्हणाल्या, आणि परत मांडी घालून बसल्या.

त्याच आठवड्यात कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की पोस्टाच्या समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी कबुतरं पाळली आहेत. पांढरी, सात-आठ. घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला बातमीसारखं सांगितलं.

"वीस वर्षं आहेत ती तिथे," नवरा म्हणाला.

"मला कसं दिसलं नाही?"

"तू रस्ता सांभाळत होतीस ना."

दुसऱ्या खेपेला सून पास झाली. परीक्षक म्हणाले, दोनदा चुकली, पण दोन्ही वेळा आपली आपण सावरली. दारावरचा ओरखडा रंगवून घ्यायला मुलगा निघाला होता, त्याला बाईंनी अडवलं. "राहू दे. शिकणाऱ्यांना धीर येतो."

त्यानंतरची सहा वर्षं सकाळची पहिली फेरी बाईंनी मागच्या सीटवर बसून केली. मागे ब्रेक नसतो. सुरुवातीला त्यांचा पाय पुढच्या सीटची पाठ दाबायचा आणि सून आरशात बघून म्हणायची, "आई, मला लाथ बसतेय." हळूहळू तेही थांबलं. डोळ्यांपुढचं वर्तुळ लहान होत होत ताटाएवढं राहिलं, मग वाटीएवढं. तेवढ्यातून त्या कबुतरं मोजायच्या. आकडा रोज वेगळा यायचा, पण तो पडताळून बघायची त्यांना गरज वाटत नव्हती. मुलानं नोकरी बदलली, ती बुडाली, तिसरी लागली. घरातली फरशी मात्र कधी वाजली नाही. नवऱ्यानं एकदा खाली वाकून पाहिलं, की सिमेंट कुणी भरलं. कुणीच भरलं नव्हतं.

बाई गेल्या त्या घरीच, झोपेत, पहाटे. आदल्या दुपारी सून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. परतताना ऊन होतं, रस्त्यावर गर्दी होती, पुढे एका ट्रकनं वाट अडवली होती. मागच्या सीटवर बाईंनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि खिडकीला डोकं टेकवलं. आयुष्यात चालत्या गाडीत त्यांनी कधी डोळा मिटला नव्हता, म्हणून सुनेनं आरशात दोनदा पाहिलं.

"बरं वाटतंय ना आई?"

"हं. पोचलो की उठव."