नव्याण्णव वर्षांचं कूळ

बारामतीतला तो फ्लॅट मला दोन कारणांनी आवडला होता. मी शिकवते ती शाळा तिथून पायी पाच मिनिटांवर होती, हे मी सगळ्यांना सांगत होते. दुसरं कारण मनातच ठेवलं होतं. त्या कागदावर माझं एकटीचं नाव लागणार होतं. नवऱ्याची हरकत नव्हती. त्याचा सगळा जीव सणसरच्या उसात, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर काही उगवत नाही म्हटल्यावर त्याचा त्या घरातला रसच संपला.

वकीलबाईंनी कागद चाळले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "फ्लॅट तुमचा होईल, त्याखालची जमीन होणार नाही. ती इंदापूरच्या एका शेतकऱ्याची आहे. त्यांनी सोसायटीला नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलीय. एकसष्ट वर्षं शिल्लक आहेत."

मी मनात बेरीज केली. पट्टा संपेल तेव्हा मी एकशे पाच वर्षांची असेन. तेवढं चालण्यासारखं होतं.

"अडचण मुदतीची नाहीच," वकीलबाई म्हणाल्या. "मालकाच्या लेखी संमतीशिवाय फ्लॅट विकता येत नाही, असं पट्ट्यात कलम आहे. ती संमती आणा. नाहीतर हा फ्लॅट विसरा." विकणाऱ्यानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. पुढं दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं.

कोऱ्हाळ्याला जाऊन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. त्यांनी आधी घराच्या चतुःसीमा विचारल्या. पूर्वेला जिना, पश्चिमेला मोकळी हवा, हे ऐकून त्यांचं समाधान झालं नाही. खाली कोण राहतं आणि वर कोण, हेही त्यांनी विचारून घेतलं. मग भाडेपट्ट्याचं सांगितलं, तेव्हा मात्र ते उठून बसले.

आबांचा आयुष्यात एकच नियम आहे. आपली जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची नाही, आणि दिलीच तर वर्षाच्या वर नाही. कूळ लागतं. म्हणजे कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढतं आणि मालक बांधावर उभा राहून बघत बसतो. त्यांच्या चुलत्यांचा एक तुकडा तसाच गेला होता, आणि त्या तुकड्याची आठवण आमच्याकडं प्रत्येक सणाला ताटाबरोबर वाढली जायची.

"नव्याण्णव वर्षं?" आबा म्हणाले. "कोण येडं हाय हे? आन त्याला कुनी सांगितलं न्हाय?"

"आबा, कूळ शेतीला लागतं. ही जागा बिनशेती झालीय. वकीलबाई म्हणाल्या."

"वकिलाचं काय जातंय," आबा म्हणाले. "आन मालकाकडं मी येनार. कागदाचं काम हाय, तुला एकटीला न्हाय जमायचं."

इंदापूरजवळ मालकांच्या शेतावर पोचलो तेव्हा ते डाळिंबं निवडत बसले होते. वय आबांएवढंच, टोपीही तशीच. आबा त्यांना तात्या म्हणू लागले आणि ते आबांना पाव्हणं. पाटाचं पाणी, उसाची तोड, डाळिंबावरचा तेल्या रोग असं सगळं झालं, चहा झाला. मग मी संमतीचं पत्र पुढं केलं. तात्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं.

"तात्या, एक इचारू का?" आबा म्हणाले.

मी आबांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघेनात.

"तुमी नव्याण्णव वर्सांनी दिलीच कशी? कूळ लागंल की."

तात्यांनी टोपण परत लावलं.

आबांच्या मनात कपट नव्हतं, हे आज मला कळतं. एका शेतकऱ्याची जमीन डोळ्यांदेखत जातेय, एवढंच त्यांना दिसत होतं. ती घेणारी आपलीच लेक आहे, हे त्या घटकेला ते साफ विसरले होते. मी बिनशेतीचं पुन्हा समजावू लागले. "वकिलाचं काय जातंय," दोघंही एकदम म्हणाले. माझं घर तिथं डाळिंबांच्या ढिगात बुडत होतं आणि बुडवणाऱ्याला मीच गाडीत बसवून आणलं होतं.

तात्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या सातबाऱ्यावर लेकीचं नाव हाय का?"

"म्हंजी?"

"जिला बापाची जमीन हाय ती माझ्या जमिनीवर कशापायी डोळा ठेवंल? नाव आसंल तर मी आत्ता सही करतो."

आबांनी एक डाळिंब उचललं आणि ते उलटसुलट करून बघत राहिले.

माझं लग्न झाल्यानंतर दोन वर्षांनी आबांनी मला बारामतीच्या नोंदणी कार्यालयात नेलं होतं. वडिलांच्या जमिनीवर माझा काही हक्क नाही, असं मी भावाच्या नावे लिहून द्यायचं होतं. आमच्याकडं बहिणी असं हक्कसोडपत्र करून देतात, साडी घेतात, जेवतात आणि एसटी धरून सासरी जातात. मी पहिलं पान वाचायला घेतलं होतं. "वाचतीस काय, घरचाच कागद हाय," आबा म्हणाले, आणि मी सही केली. साडी चांगली होती. शाळेत मात्र मी आजही पोरांना ओरडून सांगते, आधी अख्खा पेपर वाचा, मग लिहा.

आबा खोटं बोलतील असं क्षणभर वाटलं. त्यांना ते करावं लागू नये म्हणून मीच बोलले.

"नाव न्हाय, तात्या. मी हक्कसोड करून दिलंय."

तात्या आबांकडं बघत राहिले. आबा डाळिंबाकडं.

"बापाची सोडली हिनं," तात्या शेवटी म्हणाले, "माझी काय धरनार?" आणि त्यांनी सही केली.

पत्र मिळाल्याचा आनंद मला झालाच नाही. राग आला होता, आणि तो त्या दिवसाचा नव्हता. परतताना सणसरला रस्त्यात उसाच्या बैलगाड्या लागल्या म्हणून मी गाडी थांबवली.

"तवा मी तुला वाचू दिलं न्हाय," आबा समोर बघत म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. उगाच काही गोड बोलावंसं मला वाटलं नाही.

नोंदणीच्या दिवशी आबा साक्षीदार म्हणून आले. कार्यालय तेच होतं, नवा रंग दिलेला. मागं रांग होती. वकीलबाई म्हणाल्या, सगळं तपासलंय, पटापट सह्या करून टाका. मी पेन उचललं, तेवढ्यात आबांनी सगळ्या कागदांवर तळहात ठेवला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "तिला आधी वाचू द्या."

मागची माणसं कुरकुरली. आबा हललेच नाहीत. त्यांनी बाजूची खुर्ची ओढून मला बसवलं, स्वतः शेजारी उभे राहिले, आणि मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.