हेनिंगच्या सात प्रती

आमच्या गावच्या इंटरनेटची किल्ली हेनिंगकडे असते. खरोखरची किल्ली, जुन्या दूधघराच्या दाराची. पूर्वी तिथे डेअरीला जायचे दुधाचे कॅन ठेवायचो, आता घराघरांत इंटरनेट वाटणारा चोवीस भोकांचा एक स्विच बसवलाय. एकेका भोकातून एकेका घराला वायर गेलेली. वायरीसाठी चर खणायला सगळं गाव होतं, सांभाळायला कुणी पुढे येईना. हेनिंग लाकूड कापायच्या गिरणीतून निवृत्त झालेला, बायको गेलेली, हात स्वस्थ बसत नव्हते. त्याने पुस्तक आणलं आणि शिकला.

माणूस फार शिस्तीचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्विचमधल्या, घरांची नोंद असलेल्या फाइलची प्रत काढून पेनड्राइव्हवर घ्यायचा. पेनड्राइव्ह कॉफीच्या डब्यात आणि डबा माझ्या फडताळात, कारण माझं घर दूधघराला लागून.

"दाग्नी, घराला आग लागली तर आधी हा डबा बाहेर काढ," म्हणायचा.

"आधी मी निघते, मग बघू," मी म्हणायचे.

मे महिन्यातल्या गावसफाईत दूधघर माझ्या वाट्याला आलं. व्हॅक्यूम क्लीनर लावायला जागा नव्हती म्हणून एक प्लग काढला, काम झाल्यावर परत लावला. स्विचचे हिरवे दिवे लागलेले बघूनच घरी आले. तासाभरात आमच्या इंटरनेट संघाचा अध्यक्ष बोर्ये दारात.

"तुझं चालतंय का? माझं गेलंय, ओस्टबर्गांचंही गेलंय."

माझंही गेलं होतं. बाकी गाव मजेत. आम्ही तिघांनी ऑक्टोबरात, हिवाळ्याच्या तोंडावर वायर घेतली होती.

हेनिंग आला तो हसतच. "सात प्रती आहेत," म्हणाला आणि डबा उघडला. ताजी घालून बघितली. काही नाही. त्याआधीची घातली. मग त्याआधीची. सातही अगदी सारख्या निघाल्या, एकीतही आमची तीन घरं नव्हती. तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं.

"यंत्राकडे दोन गोष्टी असतात," तो म्हणाला. "चालताना डोक्यात धरलेली एक, आणि उठल्यावर वाचायची चिठ्ठी ही दुसरी. तुमची घरं मी डोक्यात घातली. चिठ्ठीवर उतरवायची राहिली."

"आणि प्रती?"

"चिठ्ठीच्या काढल्या."

"मग हिवाळाभर चाललं कसं?"

"डोक्यावर. तू प्लग काढलास, ते झोपलं. उठून जुनी चिठ्ठी वाचली."

मला काही उलगडेना. ऑक्टोबरपासून चुकलेलं होतं, पण मी झाडेपर्यंत बरोबर होतं. "मग बिघडवलं कुणी? तू की मी?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. "ते मलाही सांगता येत नाहीये."

बोर्येला सांगता येत होतं. "शनिवारी सभा आहे. सगळं शहरातल्या कंपनीला देऊन टाकू, किल्लीसकट."

हेनिंगने संध्याकाळच्या आत तिन्ही घरं पुन्हा चालू केली, या खेपेला चिठ्ठीवरही उतरवली. पण आठवडाभर किल्ली खिशात चाचपत होता. दूधघर सोडलं तर त्याला घराबाहेर पडायला दुसरं निमित्त नाही, हे मला ठाऊक होतं.

सभेत कॉफी झाल्यावर त्याने डबा टेबलावर ठेवला आणि सगळं स्वतःच सांगितलं.

"सात महिने एकाच पानाच्या प्रती काढत होतास?" बोर्ये म्हणाला. "पाठ तरी झालं का?"

लोक हसले. हेनिंगही थोडा हसला. "प्रत वाचवते की नाही ते बघायला प्लग काढावा लागतो. मला भीती वाटायची."

मी हात वर केला. "प्लग मी काढत जाईन. मला यातलं काही कळत नाही, त्यामुळे भीतीही नाही."

बोर्येने मान खाजवली. मतं घेतली. दोन सोडून सगळी हेनिंगला पडली, आणि त्या दोनांत बोर्ये नव्हता.

आता पहिल्या रविवारी तो प्रत काढतो आणि मी प्लग. दिवे परत लागेपर्यंत तो माझी बाही धरून उभा असतो.

"आता ते काय वाचतंय?" मी विचारते.

"चिठ्ठी."

"आणि डोक्यातलं कुठे गेलं?"

"गेलं," तो म्हणतो. मी मान डोलावते. अजून कळलेलं नाही.