तळघरातलं पाणी कुणाचं

तीस वर्षं मी तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत लोकांचे दाखले तपासले. समोरचा माणूस खरं बोलत असेल, असं धरून चालायची सवय तिथे पहिल्याच वर्षी जाते. प्रत्येक कागद मी आधी उजेडाकडे धरायचो, मग वाचायचो. निवृत्त झालो, कचेरी सुटली, खोड काही सुटली नाही. बायको म्हणते, देवळातला प्रसादसुद्धा मी वास घेऊनच तोंडात टाकतो. खोटं नाही ते.

तंजावरात कुणी तळघर बांधत नाही. मी बांधलं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत जागा टीचभर. वर खोल्या चढवूनही बायकोच्या शिवणकामाला कोपरा मिळेना. लग्नाच्या दिवसांत तिच्याकडे रेशमी ब्लाउजांचा ढीग येऊन पडतो, आणि तिच्या तीन मशिनी. शेवटी म्हटलं, वर नाही तर खाली. इंजिनियर म्हणाला, "सार, हा कावेरीचा मुलूख. खाली गेलात की पाणी." मला वाटलं, खोदायचा कंटाळा आलाय लेकाला.

पूर्वेच्या भिंतीपलीकडे मामा राहतात. नात्याचे नव्हेत, तमिळ गृहस्थ आहेत, ऐंशीच्या पुढचे, एकटे. इथे वडीलधाऱ्या शेजाऱ्याला मामा म्हणायची पद्धत आहे. आमचं बांधकाम चालू होतं तेव्हा सहा महिने त्यांनी सिमेंटची धूळ खाल्ली आणि चकार शब्द काढला नाही. उलट उन्हाच्या वेळी गवंड्यांना ताक पाठवायचे. माझा स्वभाव हा असा, त्यामुळे गल्लीतले बाकीचे लोक मला लांबूनच नमस्कार करतात. कट्ट्यावर बसून माझ्याशी निवांत बोलणारा माणूस एकच, तो म्हणजे मामा. तो गेला असता तर मला गल्लीत कुणीच नव्हतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तरी मी पुढचं सगळं केलं.

आमच्याकडे मोठा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो. त्या पहिल्याच पावसात तळघराच्या पूर्वेला, भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. मशिनी स्टुलांवर चढवल्या. एका नवरीच्या ब्लाउजाला बुरशीचा वास लागला, तेव्हा बायको अक्षरशः रडली. मग मोटरवाल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं भिंतीच्या कडेनं चर खणला, त्यात भोकांचा पाइप टाकून वर खडी भरली आणि चराला कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे उतार दिला. खड्ड्यात मोटर बसवली. तिला एक तरंगता गोळा असतो. पाणी चढलं की गोळा उचलला जातो आणि मोटर आपोआप सुरू होते. पाणी बाहेर फेकलं की बंद. काम चोख होतं, हे मी खाली वाकून तीनदा पाहिलं.

प्रश्न आला तो पाणी कुठे सोडायचं याचा. मिस्त्री म्हणाला, लांब पाइप टाकू आणि रस्त्याच्या गटारात सोडू. मी साफ नाही म्हटलं. आमच्या तंजावरी मराठी घरांत चांगलं पाणी गटारात टाकत नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी केळीला जातं, भांडी विसळलेलं नारळाला. आई म्हणायची, कावेरी आपल्या दारी येते ती पाहुणी, तिला गटाराची वाट दाखवू नये. शिवाय इथे प्रत्येक घराला पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा असावाच लागतो. आमचाही होता, पूर्वेच्याच बोळात, खडी आणि वाळूनं भरलेला, तळघराच्या भिंतीपासून चार पावलांवर. पाइप त्यात सोडायला सांगितला. जमिनीचं पाणी जमिनीला. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं घर, सार." त्याला पाइपाचे दोन तुकडे जास्त खपवायचे होते, असं माझं मत पडलं.

पाऊस थांबला. मोटर थांबेना. दर दोन तासांनी घुर्र करून उठायची. आता आकाश कोरडं, मग पाणी येतं कुठून? माझी नजर भिंतीपलीकडे गेली. मामांची अंघोळीची शिळा बोळाला लागूनच होती. गुडघे धरलेले असल्यामुळे त्यांना घरातल्या न्हाणीघराची पायरी चढवत नसे. मागच्या अंगणात शिळेवर बसून ते पहाटे सावकाश तांब्यातांब्यानं अंघोळ करत. मी नोंदींची वही उघडली. साडेपाचला तांब्याचा आवाज, सहाला मोटर. एकदा नव्हे, सलग आठ दिवस. दिवसभरात मोटर आणखी दहा वेळा लागायची, पण त्या वेळा मी वहीत लिहिल्या नाहीत.

मामा चार दिवस तिरुवैयारूला मुलीकडे गेले. मोटर तशीच चालू. एखादा शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी म्हटलं, म्हातारा नळ उघडा टाकून गेला.

ते परत आल्यावर, बाजारात गेले असताना, मी भिंतीवरून हात घालून कपड्यांची नीळ कालवलेलं बादलीभर पाणी त्यांच्या शिळेखालच्या मोरीत ओतलं. या वयात, ओट्यावर चढून! दोन दिवस तळघरातल्या खड्ड्यावर नजर ठेवली. निळा थेंबही आला नाही. माती नीळ गाळून घेते, असा निष्कर्ष मी काढला. बायको म्हणाली, "तुम्हांस कोणावर तरी आळ घातल्याखेरीज अन्न पचत नाहीं कां?"

आणि एका सकाळी मी जाऊन बोललोच. वही घेऊन गेलो होतो. मामांनी चष्मा लावून माझ्या नोंदी वाचल्या. म्हटलं, तुमच्या शिळेखालचं पाणी आमच्या भिंतीत मुरतंय, हिच्या मशिनी गंजायला लागल्यात. ते एवढंच म्हणाले, "पार्क्करेन, तंबी." बघतो, धाकट्या भावा. वाद घातला नाही. मला वाटलं, बघा, चूक असल्याशिवाय माणूस इतका गप्प बसतो का? दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा तांब्याचा आवाज बंद झाला. संध्याकाळी कट्ट्यावर येणंही बंद झालं. मोटर मात्र चालूच होती, आणि आता माझ्याकडे शिव्या द्यायला कुणी उरलं नव्हतं. मी मिस्त्रीला दिल्या.

दीड महिना असा गेला. एके दिवशी सकाळी मी खाली उतरलो तर चरातलं पाणी निळंशार. माझा आनंद काय सांगू! "बघ, सापडला चोर!" मी जिन्यावरूनच ओरडलो. बायको मशीनवर बसलेली होती. तिनं धागा दातानं तोडला.

"तुम्ही त्यांच्या मोरींत ओतलांत," ती म्हणाली, "मी काल आपल्या खड्ड्यांत ओतलें. आतां सांगा, चोर कोण?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मोटर तळघरातून पाणी उपसत होती, खड्ड्यात टाकत होती, चार पावलं मातीतून ते परत भिंतीत येत होतं, आणि मोटर पुन्हा उठत होती. तेच पाणी दिवसाला अकरा फेऱ्या मारत होतं. दाखले तपासण्यात हयात घालवलेल्या माणसाला आपलाच पाइप तपासावासा वाटला नव्हता. त्याच दुपारी मिस्त्री आला आणि गटारापर्यंत पाइप टाकून गेला. हसला नाही, हे त्याचे उपकार. संध्याकाळपर्यंत मोटर गप्प झाली ती झालीच.

मामांकडे जायला मला आणखी दोन दिवस लागले. लाज वाटत होती, दुसरं काय. गेलो तेव्हा ते आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. त्यांची मुलगी तिरुवैयारूहून आली होती. ती बादलीत टॉवेल पिळून त्यांची पाठ पुसत होती. मला पाहून ती तिखट आवाजात म्हणाली, "दीड महिना हे असंच चाललंय. मी येते तेव्हा मी पुसते, एरवी स्वतःच पुसतात. शिळेवर बसा म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, शेजारच्या मुलीच्या मशिनी गंजतील."

कसाबसा म्हणालो, "मामा, पाणी तुमचं नव्हतं. आमचंच होतं. मी चुकलो."

"अप्पडिया?" असं का, म्हणाले ते. रागाचं नाव नाही. उलट चेहरा उजळला. जरा पुढे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "मग उद्यापासून मी बाहेर अंघोळ करू ना, तंबी?"

स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पाण्यानं अंघोळ करायची परवानगी ते माझ्याकडे मागत होते. मला हो म्हणायचीसुद्धा लाज वाटली.