मोठेबाबांचा आधार

या देशात कायद्याचं राज्य आहे की नाही, यावर विद्वानांत मतभेद असतील. देवळीतल्या आमच्या मोठेबाबांच्या घरात मात्र ते आहे, आणि चांगलं कडक आहे. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी कायद्याचं पुस्तक कधी उघडूनही पाहिलेलं नाही. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पोरांच्या दोन पिढ्यांकडून कमळ आणि मोर काढून घेतले आणि निवृत्त झाले. त्यांचं कायद्याचं सगळं शिक्षण झालं ते टीव्हीवरच्या एका जुन्या हिंदी मालिकेतून, आणि ते इतकं पक्कं झालं की आळीतला खराखुरा वकीलही त्यांना लांबून पाहून रस्ता बदलतो.

ती मालिका होती वकिलीच्या कॉलेजातल्या पोरापोरींची. मी तेव्हा हाफ चड्डीत होतो. आळीत टीव्ही एकट्या मोठेबाबांकडे, त्यामुळे मालिकेच्या दिवशी अर्धी आळी त्यांच्या समोरच्या खोलीत आणि उरलेली खिडकीत असे. मालिकेत एक उंच, वाळकेसे प्रोफेसर होते. वर्गात कुणीही काहीही बोललं, की ते चष्मा पुसत एकच शब्द विचारायचे, "आधार?" म्हणजे तू हे कशाच्या आधारावर म्हणतोस. त्या एका शब्दानं भली भली पोरं घामाघूम व्हायची. त्यात विनय नावाचा खेड्यातून आलेला, बोलताना अडखळणारा एक मुलगा होता. तो बिचारा 'आधार' ऐकलं की हातातलं पुस्तकच पाडायचा. मोठेबाबांचा जीव जडला प्रोफेसरांवर, आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या मोठीआईचा, त्या विनयवर.

त्या कॉलेजात विद्यार्थी लुटुपुटीचा खटला चालवायचे, त्याला म्हणायचे मूट कोर्ट. मोठीआईनं ऐकलं 'मूठ कोर्ट'. आता मूठ मारतात ते मांत्रिक, आणि ती ज्याच्यावर पडते त्याचं काही खरं नसतं. वकिलीच्या पोरांना दुसऱ्या वर्षाला ही विद्याही शिकवतात, अशी तिची खात्री झाली. माहेरच्या बांधाच्या भांडणातला वकील आठवल्यावर तर तिला ते मनापासून पटलं. तिनं टीव्हीला लिंबू-मिरची बांधली. मोठेबाबांनी परोपरीनं समजावून पाहिलं, पण तो टीव्ही भंगारात जाईपर्यंत दर शनिवारी त्याचं लिंबू बदललं जात होतं.

मालिका संपली, पण प्रोफेसर मोठेबाबांच्या अंगात राहिले ते राहिलेच. भाजीवालीनं वांगी आजचीच आहेत म्हटलं, की यांचं "आधार?" डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हटलं, की "आधार?" माझ्या लग्नात भटजी म्हणाले, लवकर चला, मुहूर्त टळतोय. मोठेबाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि भर मांडवात विचारलं, "आधार?" भटजींनी पंचांग काढून दाखवलं, मोठेबाबांनी पान उलटून पालटून नीट तपासलं, आणि तेवढ्यात मुहूर्त खरोखरच टळला. माझ्या संसारात पुढे जे काही झालं त्याचं खापर माझी बायको अजून त्या दोन मिनिटांवर फोडते.

हल्ली तर वेगळीच पंचाईत झाली आहे. मोठेबाबांनी "आधार?" म्हटलं की समोरचा माणूस मुकाट्यानं खिशातून कार्ड काढतो. गॅसवाला काढतो, पोस्टमन काढतो. त्यांच्या नातीला, थोरल्या मुलाच्या मुलीला, बघायला सेलूचे पाहुणे आले होते. मुलगा अगदी निर्व्यसनी आहे, असं मुलाचे मामा म्हणाले. मोठेबाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणि पाहुण्यांनी एकामागून एक आपापली कार्डं काढून टीपॉयवर मांडली. मोठेबाबांनी सगळी कार्डं शांतपणे वाचली आणि "याच्यात व्यसनाचं काईच लिवलं नाई" म्हणून परत केली. ते लग्न जमलं नाही, आणि नातीनं आजोबांना त्याबद्दल गुपचूप पेढे दिले.

अशा माणसाला ती मालिका परत दाखवण्याची बुद्धी मला झाली. मोबाइलवर मला ती अख्खी सापडली, आणि चुलतभावानं नवा मोठा टीव्ही घेतलेलाच होता. मग काय, दर रविवारी मी सहकुटुंब वर्ध्याहून देवळीला. मोठीआईनं पहिल्याच दिवशी टीव्हीला चारी बाजूंनी निरखलं आणि "याले लिंबू बांधाले जागाच नाई" म्हणून चिंता व्यक्त केली. मोठेबाबा इस्त्रीचा सदरा घालून बसायचे. प्रोफेसरांचं वाक्य प्रोफेसरांच्या आधी म्हणायचे. मधेच मालिका थांबवून आम्हालाच उभं करून प्रश्न विचारायचे, आणि माझी बँकेतली बायको उत्तर चुकल्यावर खरोखर दोन मिनिटं उभी राहायची. हसून हसून आमची पोटं दुखायची. मुलं तर शनिवारीच दप्तर बाजूला ठेवून 'उद्या कोर्ट आहे' म्हणत नाचायला लागायची.

पण शेवटचा भाग जवळ आला तसे मोठेबाबा बिघडले. त्यांनी रिमोट तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवला. नेट संपलंय म्हणाले, आणि नातीनं "आधार?" विचारल्यावर पिशवी उचलून भाजीला निघून गेले. एकदा तर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझी कुठे ओळख असेल तर तो शेवटचा भाग इंटरनेटवरून काढून टाकायला सांग.

हा शेवटचा भाग आमच्या घरात मोठा पूजनीय होता. तो लागला त्या दिवशी देवळीची लाईट गेली होती. मोठीआई बाळंतीण. विनय पास होतो की नाही या काळजीनं तिला घास गोड लागत नव्हता, म्हणून मोठेबाबा बस धरून वर्ध्याला मित्राकडे गेले आणि तो भाग पाहून आले. परत येऊन त्यांनी अख्ख्या आळीला गोष्ट सांगितली: विनय एकदाही न अडखळता बोलला, पहिला आला, आणि प्रोफेसर स्वतः खुर्चीतून उठून उभे राहिले. मोठीआईनं त्याच आठवड्यात बाळाचं नाव विनय ठेवलं. तोच माझा चुलतभाऊ, नव्या टीव्हीचा मालक.

रविवारी सकाळी मोठेबाबांनी मला गच्चीवर नेलं. बराच वेळ नुसता चष्मा पुसत राहिले.

"मी थो भाग पायलाच नाई बापा," ते म्हणाले. "बस पंक्चर झालती. पोचलो तं बातम्या चालू होत्या."

"मग ती सगळी गोष्ट?"

"घरी आलो तं थे खाटेवर उठून बसली. पास झाला का, म्हने. तिचं तोंड पायलं अन् मले नाई म्हनता आलं नाई. आता आज थो नापास झाला तं काय करू सांग."

जगातल्या प्रत्येकाकडे पुरावा मागणारा हा माणूस स्वतः एका बिनपुराव्याच्या गोष्टीवर एवढी वर्षं जगला होता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

संध्याकाळी सगळे जमले. मोठीआईनं खास चिवडा केला होता. भाग सुरू झाला. विनय उभा राहिला, अडखळला, पुन्हा अडखळला, पुस्तक खाली पडलं. त्यानं ते उचललं, ट्रंक भरली आणि तो गावाकडच्या गाडीत बसला. प्रोफेसर खिडकीतून नुसते पाहत राहिले. नावांच्या पाट्या सुरू झाल्या. आमचा विनय हातात चिवडा घेऊन तसाच बसलेला. मोठेबाबांची मान खाली. एवढा घाबरलेला म्हातारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मोठीआईनं पदरानं तोंड पुसलं.

"हे खोटं हाय," ती म्हणाली. "थो पास झालता. टीव्हीवाल्यायनं मागाऊन बदलवलं असन."

मोठेबाबांच्या तोंडून केवळ सवयीनं, अगदी हळू, शब्द निसटला. "आधार?"

मोठीआईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी सांगतलं होतं नं," ती म्हणाली, आणि चिवड्याचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

तिला खरंच तसं वाटत होतं की ती नवऱ्याला सांभाळून घेत होती, हे मी विचारलं नाही. विचारणार कोण, आणि कशाला. आता दर रविवारी आम्ही मालिका पुन्हा पहिल्यापासून बघतो आणि शेवटच्या भागाच्या आधी थांबतो. मोठेबाबा पूर्वीसारखेच भाजीवालीला, डॉक्टरला, माझ्या बायकोला आधार विचारतात. फक्त मोठीआई काही म्हणाली, की हल्ली ते नुसता चष्मा पुसतात आणि मान डोलावतात.