डायरीचा जोडीदार

निपाणीच्या इंग्रजी शाळेत कडोलकर मास्तर एकटा शब्द कधी शिकवत नसत. "एकटा शब्द लई घोटाळा करतो. त्याच्यासारखा दिसणारा शेजारी आणून बसवा, मग दोघं सरळ वागतात," असं म्हणायचे. म्हणून वर्गातल्या प्रत्येक बाकावर एक जोडी. एका पोराचं नाव एंजल, म्हणजे देवदूत, दुसऱ्याचं अँगल, म्हणजे कोन. एकाला हाक मारली की दोघांनी उठायचं, आपापला अर्थ सांगायचा, आणि दोघांचं सांगून झाल्याशिवाय कुणी बसायचं नाही. एंजल अडला की अँगल बिचारा ताटकळत उभा!

वर्गात मुलगी मी एकटीच. तंबाखूच्या जैन व्यापाऱ्याची लेक, घरात निम्मं कानडी. मला पोरांच्या बाकावर कसं बसवणार? दाराशी स्टूल दिलं. मधल्या सुट्टीत बोलायला कुणी नाही, जोडी लावायलाही कुणी नाही. रोज घरी जाऊन मी रडायची. एक दिवस मास्तर म्हणाले, "पद्माक्का, तू डायरी. मी डेअरी."

पोरं खो-खो हसली. मॉनिटर तर मुद्दाम ओरडला, "डायरी!" मी उठले. बघते तर मास्तरही खुर्चीतून उठून हाताची घडी घालून उभे. मी म्हटलं, "रोजनिशी." ते म्हणाले, "दूधदुभत्याची जागा. बेळगावच्या कँपात गोऱ्यांची हाय, तसली." मग आम्ही दोघं बसलो. त्यानंतर मी शाळेपायी रडले नाही.

मास्तरांची बायको प्लेगात गेली होती, मूलबाळ नव्हतं. भाकरी थापायला शेवटपर्यंत जमलं नाही. तव्यावर नकाशे करायचे आणि तेच खायचे. कडोलीहून भाऊ न्यायला आला की म्हणायचे, "तिथं जाऊन कुणाला हाक मारू? हितं निदान पोरं उठून उभी तर ऱ्हातात." पेन्शनीत निघाल्यावर तीही राहिली नाहीत.

माझं लग्न ठरलं आणि शाळा सुटली. चिकोडीला दिलं मला. निरोप घ्यायला गेले तेव्हा मास्तर हसून म्हणाले, "आता हाक आली तर मी एकटाच उठायचा की गं." मला काही हसू आलं नाही.

काही वर्षांनी माहेरी आले होते, तेव्हा परतीच्या वाटेवर मास्तरांच्या दारात टांगा थांबवला. आमचे हे बाहेरच बसले. मास्तर खाटेवर होते, डोळे पार गेलेले. "कोण?" मी नाव सांगितलं. "कुठली पद्मा?" काही केल्या ओळख पटेना. शेवटी मी म्हटलं, "डायरी, मास्तर."

मास्तरांनी खाटेची कड धरली आणि उठून उभे राहिले. मी धरायला गेले तर हात झटकला. "आधी अर्थ!"

"रोजनिशी," मी म्हटलं. आता त्यांची पाळी.

"आठवंना गं," म्हणाले. आठवेना म्हणे! आयुष्यभर पोरांना हेच शिकवलेला माणूस. अर्थ सांगितला की बसावं लागणार, बसलो की ही निघणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाहेर आमचे हे खोकायला लागले. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि ऊन उतरत चाललं होतं. मी म्हटलं, "आठवा सावकाश." आणि उभी राहिले. चिकोडीचं, पोरांचं, सासूच्या दम्याचं, जे सुचेल ते सांगत राहिले. ते भिंतीला टेकून "व्हय? व्हय?" म्हणत ऐकत होते. पाय थरथरायला लागले तेव्हा स्वतःच म्हणाले, "दूधदुभत्याची जागा." आणि खाली बसले. "जा आता. जेवणं चुकतील तुमची."

चुकलीच. आमचे हे वाटभर धुमसत होते. मी म्हटलं, "जोडीदार उभा होता, मी निघू कशी?" त्यांना काय कळणार, कपाळ!

त्याच उन्हाळ्यात मास्तर गेले. त्यांची शेजारीण भेटली तेव्हा म्हणाली, "लई येळा इचारायचे बघ, दाराशी कोण उभं हाय? कुणी नसायचं गं."