उजव्या हाताचा माउस

आमच्या घरात वस्तू मी आणायची आणि ती बाकीच्यांनी माळ्यावर टाकायची, अशी वाटणी झालेली आहे. पोळपाट सरकू नये म्हणून आणलेली रबराची चकती, नारळ सोलायचं यंत्र, बसल्या बसल्या पाठ दाबणारी उशी, हे सगळं कर्वेनगरातल्या आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर सुखाने नांदतंय. त्यामुळे बायकोसाठी वायरलेस माउस मी निवडून आणतो म्हटल्यावर मुलीने चहाचा कप तोंडापासून लांब केला.

"बाबा, तू नको. मी मागवते ना ऑनलाइन."

"वस्तू हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नये," मी म्हणालो.

"पण हात तर आईचा आहे!"

हे मी ऐकलं, पण कानाआड केलं.

खरं तर या वेळी चुकायची सोय नव्हती. माझ्या बायकोने नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये बावीस वर्षं पानं लावली. मजकूर, फोटो, तक्ते पानावर नीट बसवायचे, याला त्या धंद्यात पानं लावणं म्हणतात. प्रेस बंद झाला तेव्हा ती लॅपटॉप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिथूनच कामं करू लागली. यंदा तिच्याकडे एका निवृत्त प्राध्यापकांचा वनस्पतींचा कोश आला. पाचशेच्या वर पानं आणि प्रत्येक पानावर फोटो, तक्ता, बारीक तिरप्या अक्षरांत शास्त्रीय नावं. सर ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर डोंगर तुडवून त्यांनी हे लिहिलेलं, आणि "पानं तुम्हीच लावायची," असा त्यांचा हट्ट. ती इतकी खूश झाली होती की पहिल्या दिवशी तिने लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं.

सत्तराव्या पानावर तिचं उजवं मनगट संपावर गेलं. वायरचा जुना माउस आमटीच्या पातेल्यात पडून वारल्यापासून ती लॅपटॉपवरच्या त्या चौकोनावर बोट घासून काम करत होती. डॉक्टरांनी पट्टा दिला, शेक सांगितला आणि "हाताला विश्रांती द्या," म्हणाले. हे ते प्रत्येकालाच सांगत असावेत.

"पंधरा दिवस बघते," ती मला म्हणाली. "नाही जमलं तर सरांना काम परत देते. त्यांना थांबवून ठेवणं बरं नाही, या वयात."

हे म्हणताना तिने टेबलावरची फाइल उगाच सरळ केली. त्या फायलीकडे बघून मी माउसचा विडा उचलला.

तयारी माझी चोख होती. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर तिला पंजा ठेवायला लावला, म्हणजे माप घेता येईल. तिने डावा ठेवला. "अगं, तो नव्हे, कामाचा," असं म्हणून मी उजवा ठेवून घेतला आणि पेन्सिल फिरवली. तिला गुदगुल्या झाल्या, अंगठा वाकडा आला. तो कागद घडी करून खिशात घातला आणि निघालो.

नारायण पेठेत तिच्या जुन्या प्रेसच्या गल्लीत कॉम्प्युटरच्या सुट्या वस्तूंचं एक दुकान आहे. मालक माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर. त्यांच्या वडिलांचं तिथेच घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे समोरच्याला पोटातून उघडून बघायची नजर त्यांना वारशाने मिळाली असावी.

"वायरलेस माउस दाखवा. लॅपटॉपला," मी म्हणालो.

"लॅपटॉपलाच लागतो. मिक्सरला लावून अजून कुणी नेला नाही. काम काय करता?"

"मी नाही, मिसेस करतात."

"मग वहिनींना नाही आणलंत?"

"त्यांचा हात दुखतोय."

"दुकानात पायाने यायचं असतं."

मी मुकाट्याने खिशातला कागद काढून काउंटरवर पसरला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पंजा बघितला, कागद उलटून मागची संकष्टी आणि अमावास्या बघितली.

"चपलेचं माप आणतात तसं आणलंत. बरं. डोंगलवाला हवा की ब्लूटूथवाला?"

"चांगला कुठला?"

"दोन्ही चांगले. तुमच्या लॅपटॉपला मोकळी खाच आहे का डोंगल घालायला?"

लॅपटॉपला खाचा किती, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या घरातल्या एका जिन्नसाला भोकं किती हे आपल्याला सांगता येऊ नये, याची लाज वाटून मी "दोन्हीवाला द्या," म्हणालो. मग सेलचा की चार्जिंगचा? क्लिकचा आवाज हवा की बिनआवाजी? डीपीआय किती?

"डीपीआय म्हणजे?"

"हात एवढा हलवला," त्यांनी काउंटरवर बोट सरकवलं, "तर पडद्यावरचा बाण किती पळतो, ते."

"किती पळायला हवा?"

"ते वहिनी सांगतील."

प्रत्येक प्रश्न शेवटी वहिनींपाशी जाऊन थांबत होता आणि वहिनी घरी मनगट शेकत बसल्या होत्या. पाच-सहा प्रश्नांनंतर मी डॉक्टरांपुढे म्हणतो तसं सगळ्यालाच "हो हो" म्हणू लागलो. तेवढ्यात मला काचेखाली एक विचित्र वस्तू दिसली. अर्धा नारळ कुणीतरी कडेवर उभा करून ठेवावा, तशी.

"हा उभा माउस. हस्तांदोलन करतो तसा हात राहतो. मनगटाला आराम."

मनगटाला आराम! मी नारळ मुठीत धरला. हात असा विसावला की माझंच मनगट दुखायला हवं होतं असं मला वाटलं.

"माझ्याकडे उजव्या हाताचाच आहे हं," ते म्हणाले. "डाव्याचा मागवावा लागतो. वहिनी कुठल्या हाताच्या?"

"उजव्याच. आमच्याकडे कुणी डावखुरं नाही."

"विचारून घ्या हवं तर."

"अहो, लग्नाला सव्वीस वर्षं झाली."

"म्हणूनच म्हटलं," ते म्हणाले आणि खोकं बांधायला लागले.

घरी खोकं उघडलं तर डोंगल सापडेना. आम्ही तिघांनी खोक्याचे पापुद्रे सुटे केले, पुठ्ठ्याच्या आत डोकावलो, शेवटी मी सोफ्याखाली बॅटरी मारत होतो तेव्हा मुलीने माउसच्या पोटाचं झाकण उघडून नखाएवढं डोंगल काढलं. बायकोने नारळावर हात ठेवला. बाण सरकला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"कसा आहे?"

"छान आहे हो."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. आवडलेल्या गोष्टीला ती नावं ठेवते. पोटभर नावं ठेवून झाली की वापरते. 'छान आहे' हे ती माळ्यावरच्या वस्तूंना म्हणते.

चार दिवस रोज विचारत होतो, ती रोज "छान आहे" म्हणत होती, आणि पान एकाहत्तरवरून चौऱ्याहत्तरवर गेलं होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी कॉलेजच्या ऑफिसातून लवकर आलो. लॅचने दार उघडून आत येतो तर नारळ टेबलाच्या कडेला सरकवलेला, उजवा हात पट्ट्यात बांधून मांडीवर, आणि बाईसाहेब डाव्या हाताच्या बोटाने भराभर पान लावतायत.

"अगं, हे काय? डाव्या हाताने?"

तिने तो हात एकदम पदराखाली घेतला. चोरून साखर खाताना पकडल्यावर लहान मूल घेईल तसा. पन्नाशीची बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या लॅपटॉपपुढे. ती म्हणाली, "सवय नाही हं लागू देणार. दोनच मिनिटं." आणि मग: "आता खांदाही दुखतोय. रविवारी सरांना फोन करून टाकते."

दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून नारायण पेठेत नेलं.

"आल्या वहिनी," मालक म्हणाले. "बसा. काय त्रास देतोय हा?" हे माउसबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

"माउसचा दोष नाही हो," ती म्हणाली. "माझाच हात..."

त्यांनी काउंटरवर सात-आठ माउस मांडले आणि मला "साहेब, तुम्ही जरा तिकडे," म्हणून बाजूला केलं. ती एकेक उचलून बघू लागली. उलटा करायचा, झाकण उघडायचं, काउंटरवर दोनदा फिरवायचा, ठेवून द्यायचा. मालक माउसकडे बघतच नव्हते.

"वहिनी, तुम्ही डावखुऱ्या आहात."

"छे हो!" ती म्हणाली.

"छे!" मी तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणालो. जणू कुणी आमच्या घराण्यावर आळ घेतला होता.

"मी लिहिते उजव्या हाताने. जेवते उजव्या हाताने."

"ते शिकवतात. आता हे झाकण कशाने उघडलंत?"

तिने हाताकडे पाहिलं. झाकण डाव्या हातात होतं. मी मनातल्या मनात आमचं स्वयंपाकघर उभं करून बघू लागलो. झारा कुठल्या हातात असतो? केर काढताना झाडू? सुईत दोरा कोण ओवतं, उजवा की डावा? सव्वीस वर्षं मी तिथे समोर बसून पोहे खाल्ले आणि मला एकही हात आठवेना.

"माझी बहीण अशीच," मालक म्हणाले. "आमच्याकडे डाव्या हाताने खाणं म्हणजे तोबा. अम्मी तिच्या त्या हाताला रुमाल बांधून ठेवायची. अजून ती कुलूप डाव्या हाताने उघडते आणि सलाम उजव्याने करते."

बायको स्टुलावर बसली.

"आमच्याकडे रुमाल नव्हता बांधत," ती म्हणाली. "प्रसादाला डावा हात पुढे केला की आत्या म्हणायची, 'देवाने दुसरा हात दिलाय ना?' आणि प्रसाद तसाच धरून उभी राहायची. शाळेत बाई पेन्सिल काढून या हातात द्यायच्या. रोज. मारायचं कुणी नाही हो. मग मी विसरूनच गेले." तिने हातातलं झाकण माउसला परत लावलं. "मला वाटायचं, सगळ्यांचाच उजवा हात असा अडखळतो. लोक बोलून दाखवत नाहीत, एवढंच."

मी म्हणालो, "पण मग प्रेसमध्ये बावीस वर्षं?"

"तिथे माउस उजवीकडेच ठेवलेला असायचा."

मालकांनी सात-आठांतला एक तिच्यापुढे सरकवला. साधा, चपटा, दोन्ही बाजूंनी सारखा, सोललेल्या फणसाच्या आठळीसारखा. तिने तो डावीकडे घेतला आणि मालकांच्या कॉम्प्युटरवर फिरवला. बाण वेडावाकडा पळाला, पडद्याच्या बाहेर गेला, परत आला. काही जमत नव्हतं. पण तिचा खांदा खाली आला होता, हे मात्र मला दिसलं.

"हाच द्या," ती म्हणाली. "नुसता डोंगलचा. आवाजाचा. क्लिक ऐकू आलं नाही तर मला झाल्यासारखं वाटत नाही."

एका दमात तिने सगळे प्रश्न सोडवले. मी आणलेला नारळ मी हळूच पुढे केला.

"उघडलेला माल परत नाही," मालक म्हणाले. "तुम्हीच वापरा साहेब. तुमचा हात कुठला, ते आधी वहिनींना विचारा."

घरी नवा गोंधळ सुरू झाला. मुलीने लॅपटॉपमध्ये बटणांची अदलाबदल करून दिली, तर आईच्या हातून जिथे तिथे भलतेच मेनू उघडायला लागले. पूर्ववत केली, तर बोट चुकायला लागलं. मी सल्ले दिले, म्हणून मला स्वयंपाकघरात धाडलं. तिथे मी डाव्या हाताने पोहे खाऊन पाहिले. तिला किती अवघड जात असेल ते कळावं म्हणून. निम्मे पोहे शर्टावर आले. ते बघून ती म्हणाली, "हे उलट झालं. अवघड मी आजवर करत होते."

रविवारपर्यंत चार दिवसांत दीड पान झालं होतं. सकाळी तिने फोन लावला. मी दाराआड डबा पुसत उभा राहिलो. डबा स्वच्छच होता.

"सर, नमस्कार. कोशाचं बोलायचं होतं... नाही सर, परत नाही देत. पण दोन-तीन महिने जास्त लागतील. हो, हातामुळे. नाही, तो नाही, दुसरा. म्हणजे आता दुसऱ्याने करतेय... हो सर... हो... कुठलं पान?... अरे देवा."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. तिने पेन्सिल घेतली, डाव्या हातात घेतली, उजव्या हातात दिली आणि काहीतरी लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मी डब्यासकट बाहेर आलो.

"काय म्हणाले?"

"आधी पाठवलेल्या त्रेसष्टाव्या पानावर मी कारांदा आणि कोनफळाचे फोटो उलटसुलट लावलेत. एकाचा वेल डावीकडून वळत चढतो, एकाचा उजवीकडून. त्यावरून तर ओळखायचे म्हणाले. केवढे चिडलेत."

"आणि वेळेचं?"

"लागू दे म्हणाले. पण हे आजच्या आज दुरुस्त करा."

ती टेबलाशी बसली, पट्टा सोडून फायलीवर ठेवला आणि त्रेसष्टावं पान उघडलं. पहिल्यांदा बाण फोटोच्या शेजारून निसटला. दुसऱ्यांदा फोटोऐवजी तक्ताच उचलला गेला. मी पाठीमागे डबा धरून उभा होतो.

"अहो, तुम्ही असे उभे राहिलात की मला शाळेतल्या बाई आठवतात," ती मागे न बघता म्हणाली. "कोथिंबीर घेऊन या."

मी चपला घातल्या. दार ओढताना मागून क्लिक असा आवाज आला. फोटो हलला की आणखी काही बिघडलं, ते परत आत जाऊन विचारायची माझी हिंमत झाली नाही.