टोपावरचा डावा हात

परवा दुपारी थळला गेले होते. नितेशच्या वडिलांना भेटायला... एका लेखासाठी.

नितेश म्हणजे टीव्हीवरचा शेफ. आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. एके काळी त्याची पाच रेस्टॉरंट्स होती, त्यातलं शेवटचं मागच्या महिन्यात बंद झालं. ओळखीच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला, "त्याच्यावर पहिला लेख तुमचा होता, शेवटचाही तुम्हीच लिहा." तो 'शेवटचा' शब्द मला खटकला... तरी हो म्हणाले.

पहिला लेख चौदा वर्षांपूर्वीचा. तो टीव्हीवरची स्पर्धा नुकताच जिंकला होता. मी त्याच्याशी फोनवर पंधरा मिनिटं बोलले आणि लिहून टाकलं. अलिबागहून थळ ते किती लांब, पण गेले नाही. शीर्षक मीच दिलं होतं, 'आईच्या हाताखाली घडलेला शेफ'.

पुढे सगळ्यांनी तेच उचललं. प्रत्येक मुलाखतीत आई आली, मग चूल आली, मग पाटा-वरवंटा. पहिलं रेस्टॉरंट आईच्या नावानं निघालं, फीत तिनंच कापली. मी हे सगळं घरी बसून बघायचे आणि मनातून सुखावायचे... सुरुवात आपण केली म्हणून.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तोवर सगळ्या शाखांचं कालवण एकाच ठिकाणी शिजून पिशव्यांतून जायला लागलं होतं. गिऱ्हाईक तुटत गेलं. एकेक शटर खाली आलं.

घर किनाऱ्याला लागूनच. नितेशचे वडील, हिराकाका, तिथे एकटेच राहतात. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तू तीच काय पेपरवाली? मना वाटला कोन म्हातारी आसल." मी पंचेचाळिशीची आहे, म्हटलं, तर म्हणाले, "मंग झालीसच की."

भिंतीवर माझा लेख होता. लॅमिनेट केलेला, कोपरे पिवळे पडलेले. शेजारी हार घातलेला नितेशच्या आईचा फोटो.

काका चहा टाकायला उठले. गॅस सिमेंटच्या ओट्यावर, टोप गॅसवर. हलण्यासारखं काहीच नव्हतं. तरी त्यांनी डाव्या हातात फडकं घेऊन टोपाचा काठ घट्ट धरला, कंबर ओट्याला टेकवली, पाय फाकवले आणि चहा उकळेपर्यंत तसेच उभे राहिले.

हे मी टीव्हीवर शंभर वेळा पाहिलं होतं. नितेश कढई कधी सोडायचा नाही, डावा हात कायम कढईच्या कानावर. निवेदिका चिडवायची, "पळून जाणार आहे का ती?" तो हसून म्हणायचा, "आमच्या आईची सवय."

"काका, टोप का धरलाय?"

त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. "सवय. होरीवर सोडला तं कालवण भाईर."

तीस वर्षं ते मासेमारीच्या होडीवर जेवण करायचे, आठ माणसांचं.

"नितेशला तुम्ही शिकवलंत?"

"मंग कोन? त्याची आयस पहाटं मासलीची टोपली घेऊन बाजारान जायची ती दिवे लागल्यावर यायची. रांधनार कवा?"

हे कधी सांगितलं का नाहीत, म्हटलं. त्यांच्या उत्तरात राग नव्हता, हेच जास्त लागलं... "कोनी इचारलाच न्हाय."

लेख आला तेव्हा त्यांनीच बायकोला वाचून दाखवला होता. तिला वाचता येत नसे. "हसून हसून पोट दुखला तिचा. म्हनं मी कंदी रांधला? मंग म्हनाली, ऱ्हवं दे, बरा वाटतं आयकायला." ती म्हणाली म्हणून त्यांनी राहू दिलं. चौदा वर्षं.

आता लेखापेक्षा त्यांना दुसरीच काळजी होती. नितेश शिमग्यालाही आला नाही. फोन उचलतो, पण दोन वाक्यांत ठेवतो. "दुकान बंद झाला तं झाला. माज्या होरीचा इंजिनपन बंद पडायचा. म्हनून घरी येयाचा न्हाय का? तुज्याशी बोलंल तो. सांग त्याला."

मी विचारलं, तुमचं नाव लिहू का? ते कप विसळत होते. "लिव. पन तिचा नाव खोडू नको. ताजी मासली कंची, वास मारनारी कंची, ता तिनीच शिकवला त्याला."

घरी येऊन जुनी डायरी काढली. त्या फोनच्या नोंदी अजून आहेत. त्याचं वाक्य आहे, 'घरी शिकलो'. एवढंच. 'आई' माझी आहे. का घातली, आठवत नाही... बहुधा वाक्य छान झालं म्हणून. त्यानं ती कधी दुरुस्त केली नाही हा त्याचा दोष, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि टाळ्या माझ्या वाक्याला पडत होत्या.

त्याला फोन केला, उचलला नाही. मग मेसेज केला. 'काका अजून टोप धरूनच चहा करतात. तुझी वाट बघतायत. तुला रांधायला त्यांनी शिकवलं, हे आता मी लिहू का?'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. 'डाव्या हाताने ना?' आणि बऱ्याच वेळानं, 'लिहा, ताई.' येणार की नाही, त्याबद्दल काहीच नाही. मी पुन्हा विचारलं, ते त्यानं वाचलंय.

संपादकांना लेख देणार नाही, असं कळवलंय. त्याच्या करिअरचा शेवट लिहिण्याआधी मला माझी सुरुवात दुरुस्त करायची आहे, म्हणून हे इथे लिहितेय.

मासळी ओळखायला तो आईकडून शिकला आणि रांधायला वडिलांकडून. ते आजही थळला आहेत, आणि मी तेव्हा विचारलं नव्हतं.